८ जीबी रॅमवर गेम झटके देतोय, अजून ८ टाकू की सरळ ३२ करू? (पीसीची माहिती आत दिली आहे)

केळीवाला_रायझन (रावेर, सध्या जळगाव)

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण सगळं वाचून मग सांगा. माझा पीसी असा आहे, रायझन ५ ५६००जी, ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड (रॅमचे दोनच स्लॉट), ८ जीबी डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक, विंडोज ११ साठी २५६ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि गेम ठेवायला जुनी १ टीबी हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच चालतं. केळीचे पैसे आले तेव्हा पप्पांनी कॉलेजच्या कामासाठी घेऊन दिला होता, प्रोजेक्ट पण त्याच्यावरच चालू आहे.

खेळतो जास्त करून व्हॅलोरंट आणि जीटीए ५. प्रॉब्लेम असा की जीटीए सुरू करून वीसेक मिनिटं झाली की गाडी चालवता चालवता एकदम दोन-तीन सेकंद सगळं थांबतं, आवाज अडकतो, मग परत चालू. व्हॅलोरंट एकटं चालवलं तर ठीक आहे पण मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड असलं की तिथेपण झटके. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पण कमीच वाटतो, रूममेटकडे हाच प्रोसेसर आहे आणि त्याचं जीटीए माझ्यापेक्षा कितीतरी स्मूथ चालतं.

परवा गोलाणी मार्केटला जाऊन दोन-तीन दुकानात विचारलं. एक म्हणे आत्ताच १६ च्या दोन घे, ३२ करून टाक, पुढची पाच वर्षं बघायचं काम नाही. दुसरा म्हणे रॅमने काहीच होत नाही ग्राफिक्स कार्ड घे. आणि भाव ऐकून तर डोकंच फिरलं, मागच्या वर्षी याच ८ जीबीच्या स्टिकचा जो भाव ऐकला होता त्याच्या दुपटीच्या वर सांगताहेत. घरी पैसे एकदाच मागता येतील, यंदा वाऱ्याने बाग पडलीय, म्हणून चुकायचं नाहीये. काय करू?

---

साक्रीना_भाऊ

भाऊ तुना पीसीमा रॅमनी एकच स्टिक शे, तेच मोठं दुखणं शे. आधी ते देख, मंग बाकीनं.

---

चोपडा_दुरुस्ती

वरच्या भाऊंनी एका ओळीत बरोबर सांगितलं, मी जरा फोडून सांगतो. पंधरा वर्षं झाली मशिनी खोलतोय, आणि रॅम वाढवा म्हणून येणाऱ्या दहा जणांपैकी निम्म्यांना रॅमची गरजच नसते, पण तुझं प्रकरण तसं वाटत नाही.

तुझ्या पीसीत दोन वेगवेगळे आजार एकत्र असू शकतात आणि दोन्ही "रॅम कमी" या एकाच नावाने ओळखले जातात म्हणून गोंधळ होतो. एक म्हणजे जागा कमी पडणं. दुसरं म्हणजे रॅमकडे जायचा रस्ता अरुंद असणं. ५६००जी मध्ये जे ग्राफिक्स आहे त्याला स्वतःची मेमरी नाही, ते तुझ्या ८ जीबीतूनच घेतं. म्हणजे आधीच ८ मधली काही जागा त्याने अडवून ठेवलेली असते आणि वर तोच रस्ता प्रोसेसर पण वापरतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन स्टिक दोन चॅनलवर, म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांवर, लावल्या की तेच ५१.२ होतं. आता तुलना कर, जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डला सुद्धा सेकंदाला १२८ जीबीचा स्वतःचा रस्ता असतो आणि तुझं ग्राफिक्स २५ वर, ते पण प्रोसेसरसोबत वाटून घेऊन चालतंय. रूममेटकडे बघ, शंभर टक्के दोन स्टिक असतील. ज्याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्याला दुसऱ्या चॅनलने फरक पडतो पण थोडा, तुझ्यासारख्याला मात्र चांगलाच पडतो.

पण पैसे काढायच्या आधी मोजून घे, फुकट आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथून मला चार गोष्टी सांग. स्पीड किती दाखवतो, स्लॉट्स यूज्ड किती, हार्डवेअर रिझर्व्ह्ड किती, आणि गेम अर्धा तास चालवून ऑल्ट-टॅब केल्यावर कमिटेड (चालू प्रोग्रामनी मागितलेली एकूण मेमरी) समोर दोन आकडे असतात ते. आणि गेम थांबतो त्या क्षणी हार्ड डिस्कचा लाईट भडाभडा पेटतो का ते पण बघ.

---

धुळे_६६००

माझं मत थोडं वेगळं. एवढ्या भावात रॅम घेण्यापेक्षा त्याने एक बरी एसएसडी घ्यावी, गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहेत म्हणतोय ना, जीटीए तर पळता पळता रस्ते आणि बिल्डिंगा डिस्कवरून लोड करत राहतो, तिथेच अडकत असेल. माझ्याकडे पण आधी तसंच व्हायचं, गेम एसएसडीवर टाकल्या टाकल्या गेलं.

आणि जाता जाता माझापण प्रश्न विचारून घेतो, माझ्याकडे आय५ १२४००एफ प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम (८ च्या दोन) आहे, मित्र म्हणतो आता १६ ने भागत नाही ३२ कर. करू का?

---

चोपडा_दुरुस्ती

धुळेकर भाऊ, तुमचं डिस्कबद्दल म्हणणं एकदम सोडून देण्यासारखं नाही, म्हणूनच त्याला लाईट बघायला सांगितला. पण हार्ड डिस्कवरून गेम लोड होताना सहसा रस्ता उशिरा दिसतो, झाडं मागाहून उगवतात, किंवा छोटा झटका बसतो. दोन-तीन सेकंद आवाजासकट सगळं थांबणं म्हणजे बहुतेक वेळा रॅम भरली आणि विंडोज डिस्कवर सामान उतरवायला लागलं. त्याचे आकडे येऊ द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नका करू, निदान आत्ता नका. गेम चालू असताना कमिटेडचा पहिला आकडा बघा, १६ च्या बराच खाली असेल तर ३२ टाकून एक फ्रेम वाढणार नाही. आणि आरएक्स ६६०० ची ८ जीबी ही वेगळी मेमरी आहे, टेक्श्चर अल्ट्रावर ठेवून ती भरली म्हणून अडकत असेल तर त्याला रॅम हे औषध नाही, टेक्श्चर एक पायरी खाली आणा.

---

केळीवाला_रायझन

दादा आकडे घेतले, वहीत लिहून ठेवले आणि दोनदा बघितले.

स्पीड २१३३ दाखवतो!! मी तर ३२०० ची घेतली होती, बिलावर पण ३२०० लिहिलंय. स्लॉट २ पैकी १. हार्डवेअर रिझर्व्ह्ड २.१ जीबी. विंडोजच्या सेटिंगमध्ये पण ८ जीबी (५.९ वापरण्यायोग्य) असं लिहिलंय, ते मी इतके दिवस वाचलंच नव्हतं. जीटीए आणि मागे क्रोमचे सहा-सात टॅब असताना कमिटेड ११.४ / १३.९ आलं. आणि लाईटचं तुम्ही म्हणाला तेच, गेम थांबला की हार्ड डिस्क कर्रकर्र करते.

दुकानदाराने मला फसवलं का? २१३३ ची स्टिक ३२०० सांगून दिली?

---

चोपडा_दुरुस्ती

नाही, फसवलं नाही, लगेच कोणावर आळ घेऊ नको. ३२०० च्या बऱ्याच स्टिक लावल्या लावल्या २१३३ किंवा २४००, २६६६ अशा सुरक्षित स्पीडवर चालतात. ३२०० चं प्रोफाइल बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन हाताने चालू करावं लागतं. त्याला एक्सएमपी म्हणतात, काही बोर्डवर डीओसीपी असं नाव असतं. पीसी सुरू होताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल, तिथे ते चालू कर, सेव्ह करून बाहेर पड. असेंबल करणाऱ्याने हे करून द्यायला पाहिजे होतं, बरेच जण करत नाहीत. आत्ता तुझी स्टिक २५.६ पण देत नाहीये, १७ देतेय.

आता तुझे आकडे वाचून दाखवतो. तुझ्याकडे ८ नाहीच, ५.९ आहे, कारण २ जीबी बायोसमधून ग्राफिक्सला कायमची देऊन टाकलीय. गेम आणि क्रोम मिळून विंडोजकडे ११.४ जीबीचा शब्द मागितलाय. ५.९ च्या पिशवीत ११.४ कोंबायचं तर उरलेलं बाहेर ठेवावं लागणार, ते पेजफाइलमध्ये, म्हणजे विंडोजने रॅमसारखी वापरायला डिस्कवर ठेवलेल्या फाइलमध्ये जातं. आणि लाईट हार्ड डिस्कचा पेटतो याचा अर्थ कोणीतरी तुझी पेजफाइल एनव्हीएमईवरून काढून हार्ड डिस्कवर टाकलीय. सी ड्राइव्हवर जागा वाचवायला असं करतात, पण मग गेमला हवं ते सामान फिरत्या तबकडीवरून शोधून आणेपर्यंत तुझी गाडी रस्त्यात उभी.

आज रात्री फुकटातल्या तीन गोष्टी कर. एक्सएमपी चालू कर. पेजफाइल परत सी ड्राइव्हवर आण आणि सिस्टम मॅनेज्ड ठेव. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर साईझ (ग्राफिक्सला राखून ठेवलेली रॅम) असं काही दिसेल, ते २ जीबीवरून ५१२ एमबी कर, घाबरू नको, ग्राफिक्सला जास्त लागली की ते गरजेप्रमाणे रॅममधून उचलतं. जीटीए कदाचित म्हणेल की व्हिडिओ मेमरी कमी आहे, त्याच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये मर्यादा दुर्लक्षित करायचा पर्याय आहे, तो चालू कर. मग परत येऊन सांग काय बदललं, त्याशिवाय बाजारात जाऊ नको.

---

भुसावळ_जंक्शन_पीसी

बाकी सगळं पटलं, पण रॅम घ्यायचीच झाली तर एक सांगून ठेवतो, कारण माझे दोन महिने गेलेत यात. मी स्वस्तात मिळाली म्हणून वापरलेली ८ जीबीची स्टिक घेतली होती, माझी ३२०० आणि ती २६६६. लावली, विंडोजने १६ दाखवलं, मी खुश. मग कधी गेम बंद पडून डेस्कटॉपवर यायचा, कधी निळा स्क्रीन, कधी आठवडाभर काहीच नाही. मी विंडोज दोनदा नवीन टाकलं, ड्रायव्हर बदलले, एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) शंका घेतली, आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं म्हणून स्टॅबिलायझर आणला. शेवटी एका सिनियरने मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायला सांगितलं, सकाळी उठून बघतो तर लाल ओळीच लाल ओळी. ती वापरलेली स्टिक काढली आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही बंद पडला नाही.

सगळ्यात वाईट हे झालं की तेवढ्या काळात सेव्ह केलेल्या दोन फाईली पण खराब निघाल्या, त्यातली एक बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली होती. खराब रॅम फक्त गेम पाडत नाही, तिच्यातून जे जाईल ते नासवू शकते. तुझा तर प्रोजेक्ट आहे त्याच्यावर. म्हणून नवी असो की जुनी, लावली की आधी मेमटेस्ट, एकपण एरर आली तर परत. "एक-दोन चालतात" असं कोणी म्हणालं तर ऐकू नको.

आणि वेगळ्या कंपनीची चालत नाही असं नाही, बऱ्याचदा चालते. फक्त दोन्ही मिळून हळू असलेलीच्या स्पीडने चालतात, म्हणून निदान स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज स्टिकरवर बघून जुळवून घे. जमलं तर कॅबिनेट घेऊनच दुकानात जा.

---

सावदा_वायफाय

मध्येच बोलतो, कोणी तापमानाचं विचारलंच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत पीसी असेल तर वीस मिनिटांनी अडकणं हे गरमीने पण होतं, ५६००जी ९५ डिग्रीला पोचला की स्वतःहून स्पीड कमी करतो. जिनिंगच्या आसपास राहत असशील तर हीटसिंकमध्ये कापसाचा गादीसारखा थर बसतो, मी स्वतः काढलाय. एकदा ब्लोअर मार आणि तापमान बघ.

---

चोपडा_दुरुस्ती

सावदेकरांचा मुद्दा चांगला, बघून घे. फक्त गरमीने एफपीएस हळूहळू पडतो आणि पडलेलाच राहतो, दोन सेकंद थांबून परत पहिल्यासारखा पळत नाही.

---

केळीवाला_रायझन

तीनही गोष्टी केल्या. तापमान पण बघितलं, गेममध्ये ७५ च्या आसपास, म्हणजे ते कारण नाही, तरी ब्लोअर मारून घेतला.

एक्सएमपीने स्पीड ३२०० आला. जीटीए १०८० वर नॉर्मल सेटिंगला आधी ३० च्या खाली यायचं ते आता ३५-३८ असतं. पेजफाइल खरंच डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कवर होती, ती सी वर आणल्यावर ते दोन-तीन सेकंदांचं थांबणं गेलं, आता बारीक झटका बसतो, तो पण क्रोम उघडं असलं तरच. एक रुपया न घालता एवढं झालं, मला खरंच वाटत नव्हतं.

पण रूममेटच्या ५५-६० पर्यंत काही जात नाही. त्याचा टास्क मॅनेजर उघडून बघितला, ८ च्या दोन आहेत, दादा तुम्ही न बघता सांगितलं होतं. मग आता ८ घेऊ की ३२ चा विचार करू? आणि भाव उतरेपर्यंत थांबू का, हे पण सांगा.

---

चोपडा_दुरुस्ती

८ ची एक. ३२ नाही.

कारण सांगतो. कमिटेड तुझं ११.४ होतं, त्यात गेम, क्रोम आणि मागे चालणारं सगळं आलं. १६ मध्ये ग्राफिक्सला २ दिली तरी १४ उरतात, म्हणजे बसतंय. ३२ ला जे जास्तीचे पैसे जातील ते तुझ्या खेळात कुठेच दिसणार नाहीत. ५६००जी चं ग्राफिक्स एवढं जड काही उचलूच शकत नाही की ज्याला ३२ लागेल. सायबरपंक २०७७ सारखा मोठा गेम सुद्धा कमीत कमी १२ जीबी मागतो, १६ त्याच्या वरच आहे. आणि "पुढच्या पाच वर्षांसाठी" हे जे सांगतात ना, ते तुझ्या बाबतीत बरोबर नाही. तुझा बोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची खाचणी), त्यावर डीडीआर४. २०२२ मध्ये एएम५ आला तो फक्त डीडीआर५ घेतो, खाच पण वेगळ्या जागी असते, जबरदस्तीने घातली तरी बसत नाही. पुढे नवा पीसी बांधशील तेव्हा आज घेतलेली ही रॅम त्यात जाणार नाही. म्हणून या बोर्डला जेवढी लागते तेवढीच घाल.

ग्राफिक्स कार्डचं म्हणणाऱ्या दुकानदाराचं पण पूर्ण चूक नाही. उद्या तू आरएक्स ६६०० वगैरे घेतलंस तर एफपीएसची उडी रॅमपेक्षा कितीतरी मोठी असेल, पण ८ जीबी तेव्हापण कमीच पडली असती. म्हणजे ही स्टिक तुला कोणत्याही वाटेने लागणारच होती, कार्ड नंतर कमावता झालास की बघ.

भावाचं म्हणशील तर हे गोलाणी मार्केटचं काम नाही, सगळ्या जगात झालंय. मेमरी चिप बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला जी मेमरी लागते तिकडे त्यांनी कारखाने वळवले, तिथे पैसा जास्त आहे. डीडीआर४ तर ते आधीपासूनच कमी करत होते. मायक्रॉनने २०२५ च्या डिसेंबरमध्ये क्रुशियल हा आपल्यासारख्यांना विकायचा ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. त्यामुळे डीडीआर४ महिन्या-दोन महिन्यांत स्वस्त होईल असं धरून बसायला मला तरी कारण दिसत नाही. तुझं काम आत्ता चालतंय, घाई नाही, पण वर्षभर वाट बघावी असंही नाही. दोन-चार दुकानं फिर, ओळखीच्याला विचार, बिल पक्कं घे म्हणजे वॉरंटी राहील.

पप्पांना सांगताना "गेमला पाहिजे" असं नको सांगू आणि खोटंही नको सांगू. क्रोमचे टॅब आणि प्रोजेक्ट एकत्र चालवताना ५.९ जीबी कमी पडते हे खरंच आहे, त्यांना टास्क मॅनेजर उघडून दाखव.

---

यावल_आबा

पोरा, हे वाचून बरं वाटलं. माझा मुलगा पण दर चार महिन्यांनी काहीतरी पार्ट मागतो आणि मला त्यातलं काही कळत नाही म्हणून मी एकतर सरळ नाही म्हणतो नाहीतर दुकानदार म्हणेल ते देतो. ते टास्क मॅनेजरचं मी आज त्याला उघडून दाखवायला लावलं. त्याचं १६ आहे आणि गेममध्ये ९ वापरतोय. आम्ही दोघांनी बसून बघितलं, त्याने स्वतःच सांगितलं की आत्ता नको.

---

केळीवाला_रायझन

दहा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला, परीक्षा होती.

पप्पांना फोनवर नाही सांगितलं, घरी गेलो तेव्हा समोर बसून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की हे टाकल्यावर परत काही लागेल का. मी म्हणालो वर्ष-दोन वर्ष नाही. ८ ची एकच स्टिक घेतली, माझ्याच कंपनीची आणि तोच नंबर मिळाला, चौथ्या दुकानात. भाव टोचलाच पण १६ च्या जोडीपुढे कितीतरी कमी.

लावताना पीसी बंद करून वायर काढली, पॉवरचं बटण दोनदा दाबलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला. पहिल्यांदा चालू केल्यावर जवळजवळ मिनिटभर स्क्रीन काळाच होता, माझ्या पोटात गोळा आला, मग आपोआप आला. एक्सएमपी बंद झालं होतं ते परत चालू केलं, यूएमए २ जीबी केलं. भुसावळच्या भाऊंनी सांगितलं तसं रात्री मेमटेस्ट लावून झोपलो, सकाळी चार पास (फेऱ्या) पूर्ण, एरर शून्य.

जीटीए त्याच सेटिंगला आता ५५ च्या आसपास, गर्दीच्या ठिकाणी ४८. व्हॅलोरंट ८०-९० वरून १३० च्या घरात. क्रोम उघडं ठेवून खेळलो, एकही झटका नाही, हार्ड डिस्कचा लाईट शांत. चोपड्याच्या दादांचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या सुट्टीत रावेरकडे कोणी आलात तर सांगा, वांगी घरची आहेत, आई भरीत आणि कळण्याच्या भाकरी करते.

एकच राहिलं, रूममेटच्या बोर्डला चार स्लॉट आहेत आणि त्याच्या दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी लावल्यात. ते बरोबर आहे का?

---

चोपडा_दुरुस्ती

चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा असे लावायचे असतात, शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जाऊ शकतात. बोर्डवर स्लॉटशेजारी ए२, बी२ असं बारीक लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. त्याच्या ५५ चे पण वाढतील कदाचित. भरीताला नक्की येतो.